दळण होईपर्यंत

दसऱ्याला जिन्सी नाल्यावर, राठौरच्या चक्कीबाहेर
मी फळा टांगला, तेव्हा त्यानं विचारलं,
"बाईजी, भाव लिखोगी?"
म्हटलं, नाही. दोन ओळी. मराठीत. रोज.
"लिखो. बस, डब्बे मत सरकाना."

तेहेतीस वर्षं एजी ऑफिसात दुसऱ्यांचे आकडे जुळवले,
त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही केली.
समोरच्या पायरीवर बसून मोजायची :
कोण थांबतं, कोण मान वळवतं, कोण नुसतं खोकतं.
पहिल्या आठवड्यात तीन.
शिवाय एक बकरी, जिनं खालचा कोपरा चाटला.

वाटलं, ओळी अवघड असतील. सोप्या केल्या.
वाटलं, अक्षर बारीक. मोठं केलं.
पहाटे लिहायची, ते सातला लिहू लागले,
कारण गहू सातनंतर येतात
आणि पाच किलोंना लागतात अकरा मिनिटं,
बाजरी असली तर जरा जास्त.
तेवढीच मिनिटं माणूस माझा,
तीही पट्ट्याच्या खडखडाटात.

मार्गशीर्षात एका सकाळी पाहिलं,
माझ्या 'दिर्घ'मधली पहिली वेलांटी पुसून
कुणी दुसरी काढली होती.
किरकिऱ्यांचा मल्हार, सातवीतला,
खडूची बोटं चड्डीला पुसत उभा.
रागवायला हवं होतं.
घरी येऊन मी शिरा केला.

मग रोज एक चूक मुद्दाम पेरली.
मुलं चूक शोधायला येऊ लागली,
आया मुलांना शोधायला.
तेवीस. एकतीस.
एकदा नुसतं विचारलं :
तुमच्याकडे आमटीत गूळ अजून पडतो का?
खाली उत्तरं आली, वाकडी, तिरपी, फळा संपल्यावर भिंतीवर.
"पडतो, पण सासूबाई पुण्याला गेल्या की नाही."
"आमटी म्हणजे काय, हे आधी आमच्या नवऱ्याला सांगा."
आणि सगळ्यात खाली राठौरचं, कोळशानं :
"दाल में गुड़? हे राम."

आकड्याची चटक लागली. लागते.
पौषात मी लिहिलं :
तिसऱ्या गल्लीत कुणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडली, ओळखा.
सत्तावन्न.
स्कूटर थांबल्या, डब्याशिवाय माणसं आली.
आणि गव्हाचा डबा घेऊन ती आली, सून.
तिनं वाचलं. सावकाश, जसं बिल वाचतात.
डबा तसाच उचलून
दौलतगंजातल्या चक्कीकडे निघून गेली.
मी ओल्या फडक्यानं पुसलं, मग पदरानं,
तरी उन्हात ते दुपारपर्यंत पुसट दिसत राहिलं.
ती अजूनही दौलतगंजातच दळते.

नंतर एकोणीस राहिले. चालेल म्हटलं.

परवा काही सुचेना.
बोटं थंडीनं आखडलेली, सात वाजून गेलेले,
म्हणून जुन्या वहीतली एक ओळ उतरवली,
एक शब्द बदलून. तेच दळण, कुणाला कळतंय.
शैलजा मुंगी होत्या तेव्हा तिथं.
त्या नेहमी फळ्याकडे पाठ करून
गोणीवर बसतात, पीठ बघत.
त्यांना मी कधी मोजलंच नव्हतं.
डबा कमरेवर घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"ही पहिल्या आठवड्यात लिहिली होतीत.
तेव्हा 'सावली' होती, आज 'छाया' केलीत.
सावली बरी होती."
आणि पायरी उतरून गेल्या,
खांद्यावर पिठाची पांढरी रेघ.

रात्री वही उघडली.
त्यांना कुठल्या रकान्यात घालू?
किती महिन्यांची बाकी मागे ओढू?
त्या आठवड्यात तीन लिहिलेत मी, निळ्या शाईनं,
खाली सही करून.

आता पावणेसात. फळा अजून ओला आहे.
'सावली' लिहून झालंय.
पुढचं काही सुचत नाही
आणि वळणावर पहिला डबा वाजतोय.